इंग्रजी मेलसाठी कॉर्पस: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

वाक्य व्याकरणात बसतं, पण अमेरिकेत असं कोणी लिहितं का? चुका दाखवणारी ॲप इथे फारशी कामाला येत नाहीत. नवी मुंबईत महापेच्या ऑफिसातून एक्स्पोर्टचे मेल मी लिहिते, खरेदीदार बहुतेक अमेरिकेतले. म्हणून इंग्लिश-कॉर्पोरा साइटवरचा 'कोका' हा कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणा-बोलण्यातल्या मजकुराचा शोधता येणारा साठा, वापरायला लागले. १९९० ते २०१९ मधलं अमेरिकन इंग्रजी, सुमारे १ अब्ज शब्द. बातम्या, कथा, शोधनिबंध, ब्लॉग, मालिकांतले संवाद असं विभागून ठेवलेलं.

आधी मी गूगलवर अवतरणचिन्हांत टाकून बघायचे. पण तिथे विरामचिन्हं मोजलीच जात नाहीत. 'डिस्कस'वर एक वाक्य संपून पुढचं 'अबाउट'ने सुरू झालं, तरी 'डिस्कस अबाउट' सापडलं म्हणून दाखवतात. शिवाय निकालांचा तो भलामोठा आकडा अंदाजाचाच असतो.

कोकातही नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ओळी उघडून वाचा. 'अ लॉट टू डिस्कस अबाउट द प्लॅन' यात 'अबाउट' योग्यच आहे, ते 'लॉट'शी जोडलेलं आहे. आपल्याकडचं 'वी डिस्कस्ड अबाउट द रेट' मात्र खटकतं, 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. शोधताना क्रियापद कॅपिटलमध्ये लिहिलं की त्याची सगळी रूपं एकदम येतात. हे कळल्यावर माझा निम्मा वेळ वाचला.

त्याच साइटवरचा 'ग्लोब' मला जास्त आवडला. २० देशांचं वेबवरचं इंग्रजी, जवळपास १.९ अब्ज शब्द, देशानुसार रकाने. 'डू द नीडफुल' (आवश्यक ते करा) टाकून बघा, सगळी गर्दी भारत आणि शेजारच्या देशांत! मी त्याला चूक म्हणत नाही. तिरुपूरच्या सप्लायरला बिनधास्त पाठवते, शिकागोला नाही. (आमच्या साहेबांना हे अजून पटलेलं नाही.)

गूगलचा एनग्रॅम, म्हणजे कुठला शब्द किती वापरला गेला ते दाखवणारं साधन, पुस्तकांवर चालतो, एका वेळी पाचच शब्द घेतो, आणि ४० पेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्दसमूह दाखवत नाही. मेलच्या भाषेला त्याचा उपयोग बेताचाच.

नोंदणी फुकट आहे, पण फुकटवाल्यांना रोजच्या शोधांवर मर्यादा. मोबाइलवर ते रकाने वाचताना डोळे दुखतात, त्यामुळे ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहून हे जमत नाही. शंका वहीत लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकदम बघते. तेवढ्याला फुकटची मर्यादा पुरते, पैसे भरायची वेळ अजून आलेली नाही.