ऑनग्रिड की हायब्रिड? स्लॅबवर सोलर आणि दारात ई-स्कूटर असेल तर

लातूर, परभणी, नांदेड पट्ट्यात स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर आणि दारात ई-स्कूटर ही जोडी आता नवलाची राहिली नाही. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, म्हणून सोलर घ्यायचं की नाही यावर कुणी फार अडत नाही. अडतं ते पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरपाशी. बॅटरीशिवाय थेट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला साधा ऑनग्रिड घ्यायचा, की बॅटरी जोडता येणारा हायब्रिड? आमच्या घरी हायब्रिड आहे. पण तो सरसकट सगळ्यांना सांगण्यासारखा नाही.

निव्वळ पैशाच्या हिशेबात ऑनग्रिड पुढे आहे. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरले, तर तीन किलोवॅटचे बारा. दिवसा उरलेले नेट मीटरवर जमा होतात, रात्री वापरलेले त्यातून वजा होतात. बॅटरी नसल्याने देखभाल म्हणजे पॅनेल धुणं, एवढंच. (बोअरच्या जड पाण्याने धुतलंत तर काचेवर पांढरा क्षार बसतो आणि तो सहजी निघत नाही. साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या आणि ऊन चढायच्या आत उरका.) बॅटरीला मात्र अनुदानात वेगळा पैसा नाही, तो सगळा खिशातून जातो.

लाइट गेली की ऑनग्रिड बंद पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. पण लाइट असतानाही, तेही भर दुपारी तो बंद पडतो, हे विकणारा सहसा सांगत नाही. आमचा निर्णय याच एका त्रासाने झाला.

व्होल्टेज ठरलेल्याच्या ११० टक्क्यांवर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं, असा नियम आहे. २३० धरले तर ही मर्यादा २५३ व्होल्ट. परत जोडायच्या आधी व्होल्टेज जागेवर येऊन किमान ६० सेकंद जावे लागतात. दुपारी बारा-एकच्या सुमारास घरोघरी वापर कमी असतो आणि एकाच डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) चार-पाच घरं एकाच फेजवर वीज ढकलत असतात. इन्व्हर्टरच्या पडद्यावर २४९, २५१, २५२ असे आकडे सरकतात, आत रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) ‘टक्’ करते आणि निर्मिती शून्य. उलटी मोजणी होते, परत जोडणी, पाच मिनिटांनी परत ‘टक्’. दिवसातलं सगळ्यात कडक ऊन असं वाया जातं.

तरीही यावर लगेच हायब्रिड घेऊ नका, आधी दोष कुठे आहे ते शोधा. दुपारी साडेबाराला सोलरचा एसी एमसीबी (इन्व्हर्टरकडून मीटरकडे जाणाऱ्या तारेवरचा स्विच) बंद करून मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजा, मग चालू करून दोन्हीकडे परत मोजा. सोलर चालू केल्यावर जेवढे व्होल्ट वाढले, त्यातला मोठा वाटा बहुधा खांबापासून घरापर्यंतच्या बारीक तारेचा असतो. हिशेब सोपा आहे: तीन किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. खांब ३० मीटरवर आणि सर्व्हिस वायर ४ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची असेल, तर त्या तारेतच सुमारे सहा व्होल्ट चढतात. १० चौरस मिलिमीटरची टाकली तर अडीचच्या आत येतात. हा खर्च बॅटरीच्या मानाने किरकोळ आहे. त्यानंतर वीज कंपनीकडे अर्ज देऊन फेज बदलून घ्या. तिन्ही फेजवर घरं नीट वाटली गेली की पुष्कळ फरक पडतो. सोलर बंद असतानाच २४८-२५० दिसत असेल, तर दोष डीपीकडचा आहे आणि तक्रार लेखीच द्यावी.

एवढं करूनही दुपार सुटत नसेल, तर हायब्रिड उपयोगी ठरतो. व्होल्टेज चढलं की तोही ग्रिड सोडतो, पण घर सोडत नाही. पॅनेल चालूच राहतात, पंखे, फ्रिज आणि स्कूटरचा चार्जर त्यांच्यावर चालतो, उरलेली वीज बॅटरीत जाते. साडेसातशे वॅटचा चार्जर साडेदहाला लावला तर तीनच्या आसपास स्कूटर भरते, मध्ये लाइट कितीदाही जावो.

जोडणीत मात्र दोन ठिकाणी घोळ होतात. बॅकअप बाजूचा (लाइट गेल्यावरही चालू राहणाऱ्या जोडणीचा) न्यूट्रल आणि मीटरकडचा न्यूट्रल बोर्डात एकत्र बांधला, की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो, कधी इन्व्हर्टरच जातो. दुसरा घोळ आर्थिंगचा. स्कूटरचे काही चार्जर आर्थिंग तपासूनच चालू होतात. ग्रिड सुटल्यावर बॅकअपचा न्यूट्रल आर्थिंगला न जोडता अधांतरी राहिला तर चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि लोक चार्जर बदलत बसतात. ग्रिड सुटल्यावर न्यूट्रल-आर्थ जोडणारी रिले इन्व्हर्टरमध्ये आहे का, हे आधी विचारा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून आर्थिंगच्या खड्ड्यापासून सुटते, तेव्हा मार्चपासून त्यात पाणी घालत राहा. बोअरची मोटर आणि गिझर बॅकअपवर घेऊ नका. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते.

आणि बॅटरीतून रात्री स्कूटर भरायचा विचार सोडा. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे पाच युनिट. तीन युनिटची स्कूटर भिंतीतून साडेतीन ओढते, मग रात्री पंख्यांना काय उरणार? बॅटरीत घालून काढण्यातही आठवा-दहावा हिस्सा जातो. ती पत्र्याच्या जिन्याच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी होते. खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला बरी.

स्कूटर दिवसभर शाळेत, बँकेत किंवा मोंढ्यात उभी राहत असेल, तर माझ्या मते ऑनग्रिडच घ्यावा आणि वाचलेल्या पैशात जाड तार टाकावी. फक्त संध्याकाळी घरी आल्याबरोबर चार्जर लावू नका. सात ते दहा या वेळात डीपीवर आधीच सगळ्या गावाचा भार असतो. नेट मीटर कागदावर हिशेब जुळवतो, डीपीचं तेल मात्र तापतंच. शिवाय उन्हातून आलेल्या स्कूटरची बॅटरीही तासभर निवू द्यावी लागते. चार्जरला टायमर लावून अकरानंतर सुरू करा.

स्कूटर दुपारी दारातच असेल, किंवा दुकान घरातच असेल, तर मी हायब्रिडकडे झुकेन. सगळे पैसे हाताशी नसतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आज बसवा, बॅटरी वर्षाने जोडा. फक्त तो बॅटरीशिवाय चालतो का आणि बॅटरी नसताना ग्रिड सुटल्यावर बॅकअप देतो का, हे दोन्ही कोटेशनवर लिहून घ्या. बरेच इन्व्हर्टर पहिलं करतात, दुसरं करत नाहीत.