प्रोजेक्टर-कॅमेरा कॅलिब्रेशन: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पांढऱ्या वस्तूवर प्रोजेक्टरने चित्र टाकायचं आणि ते वस्तूच्या कडांना नेमकं लागून बसलं पाहिजे, एवढीच माझी गरज. टेबलावर कधी ठोकळे, कधी प्लास्टरचा मुखवटा. वरून तिरका लावलेला एक साधा डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणारा) प्रोजेक्टर, बाजूला यूएसबी कॅमेरा. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे दोघांची लेन्स आणि जागा मोजून त्यांना एकमेकांशी जुळवण्यासाठी, ओपनसीव्ही ही संगणक-दृष्टीची सॉफ्टवेअर लायब्ररी आणि ग्रे कोडवर (पट्ट्यांच्या सांकेतिक क्रमावर) चालणारी मोरेनो-टॉबिन पद्धत. ही जुळणी काही महिने जवळपास रोज चालू आहे. गणिताची बाजू भरवशाची निघाली. त्रास दिला तो हार्डवेअरने, आणि तोही बहुतेक वेळा त्याच्या आगाऊ हुशारीमुळे.

गणितासाठी प्रोजेक्टर म्हणजे उलटा चालणारा कॅमेरा. त्यालाही फोकल लेंथ, मुख्य बिंदू (लेन्सचा अक्ष चित्राला जिथे मिळतो ती जागा) आणि लेन्सची विकृती असते. फरक इतकाच की त्याला दिसत काही नाही. कॅलिब्रेशनसाठी समोर धरलेल्या चेसबोर्डच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील बोर्डच्या, चौकोनाचा एखादा कोपरा कॅमेऱ्याला सापडतो, पण त्या कोपऱ्यावर प्रोजेक्टरचा कोणता पिक्सेल पडलाय हे कोण सांगणार? ते ग्रे कोड सांगतो. बोर्डवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पॅटर्न एकामागून एक टाकले की प्रत्येक ठिकाणच्या उजेड-अंधाराच्या क्रमातून स्तंभाचा आणि ओळीचा क्रमांक वाचता येतो. १९२०×१०८० प्रोजेक्टरला स्तंभांसाठी ११ आणि ओळींसाठी ११ पॅटर्न लागतात. प्रत्येकाची उलट प्रत धरून ४४, वर एक पूर्ण पांढरा आणि एक पूर्ण काळा, म्हणजे बोर्डच्या एका स्थितीला ४६ फोटो. साध्या बायनरीत १०२३ वरून १०२४ वर जाताना अकराच्या अकरा बिट उलटतात, त्यामुळे पट्टीच्या कडेवरचा पिक्सेल चुकला की उत्तर कुठल्या कुठे जातं. ग्रे कोडमध्ये शेजारच्या दोन क्रमांकांत एकाच बिटचा फरक असतो, म्हणून कडेवर चूक झाली तरी ती एका स्तंभापुरतीच राहते.

मोरेनो आणि टॉबिन यांनी २०१२ मध्ये मांडलेली युक्ती मला फार आवडली. कोपऱ्यावरचा एकच पिक्सेल वाचून त्यावर विसंबायचं नाही. आजूबाजूचे वाचता आलेले सगळे पिक्सेल घ्यायचे, त्यांच्यावरून तेवढ्या भागापुरती होमोग्राफी (एका सपाट चित्रातले बिंदू दुसऱ्यात कुठे जातात हे सांगणारं सूत्र) काढायची आणि कोपऱ्याचं प्रोजेक्टरमधलं स्थान पिक्सेलच्या अंशापर्यंत ठरवायचं. यामुळे अधूनमधून चुकलेल्या पिक्सेलांचा फारसा परिणाम होत नाही.

बोर्डवर मात्र कंजुषी करू नका. कागद नुसता पुठ्ठ्यावर चिकटवला तर काही दिवसांत पोक येतो, आणि सगळं गणित बोर्ड सपाट आहे असं धरूनच चालतं. माझा बोर्ड जाड काचेवर चिकटवलेला आहे. दुसरं म्हणजे गडद काळे चौकोन छापूच नका. काळ्या शाईवर पडलेली पट्टी कॅमेऱ्याला दिसत नाही आणि नेमके कोपऱ्यालगतचे अर्धे पिक्सेल वाया जातात. मध्यम करडे चौकोन छापले की कोपरेही सापडतात आणि पट्ट्याही वाचता येतात. कागद चकचकीत नको, हे वेगळं सांगायला नको.

आता हार्डवेअरची हुशारी. कीस्टोन दुरुस्ती (तिरक्या प्रोजेक्टरचं चित्र आपोआप चौकोनी करणारी सोय) बंद, म्हणजे बंदच. ती चालू असली की प्रोजेक्टर चित्र स्वतःच वाकवून पाठवतो, पिक्सेलला पिक्सेल जुळत नाही आणि बारीक पट्ट्या धूसर होतात. ओव्हरस्कॅनही तसाच. चित्र कडेने जरासं कापून ताणलेलं असतं. सिनेमा बघताना कळणारही नाही, इथे मात्र सगळे क्रमांक सरकतात. माझ्या प्रोजेक्टरमध्ये 'आपोआप' नावाखाली असलेलं जवळजवळ सगळं बंद करावं लागलं, आणि वीज गेल्यावर त्यातलं एक सेटिंग गुपचूप परत चालू होतं. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून यावर उपयोगी असं काही उत्तर मिळालं नाही. आता रोज सुरुवातीला एक-एक पिक्सेलच्या रेघांची जाळी टाकून बघतो. रेघा स्वच्छ दिसल्या तरच पुढचं काम.

कॅमेऱ्याचा ऑटोफोकस, ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद. एक्स्पोजरची वेळ निवडताना प्रोजेक्टरची रिफ्रेश गती ध्यानात घ्यावी लागते. एका चिपच्या डीएलपीमध्ये लाल, हिरवा, निळा हे रंग एकाच वेळी नसतात, पाठोपाठ येतात. एक्स्पोजर फार कमी ठेवलं तर कॅमेऱ्याच्या वाट्याला त्या फेरीचा तुकडाच येतो आणि पांढऱ्या चित्रात रंगीत पट्टे उमटतात. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/३० सेकंद ठेवा, पट्टे जातात. शिवाय पॅटर्न बदलला की लगेच फोटो घेऊ नये, कारण कॅमेऱ्याच्या बफरमध्ये आधीची फ्रेम पडून असते. थोडं थांबून, जुन्या एक-दोन फ्रेम टाकून देऊन मग घ्यावा.

आणि उष्णता! याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रोजेक्टर सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात चित्र हळूहळू सरकतं. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीवर पेनाने बारीक फुली काढलीय आणि तिच्यावर प्रकाशाची फुली टाकून ठेवतो. थंड प्रोजेक्टरवर दोन्ही एकमेकींवर बसलेल्या असतात. चहा पिऊन येईपर्यंत प्रकाशाची फुली शाईच्या रेघेबाहेर डोकावते. म्हणून कॅलिब्रेशन करायचं ते प्रोजेक्टर तापल्यावरच, आणि झूम-फोकसच्या रिंगांवर टेप मारून.

सगळं झाल्यावर स्क्रीनवर रिप्रोजेक्शन एररचा आकडा येतो, आणि मला सर्वांत जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दल. अर्ध्या पिक्सेलखालचा आकडा दिसला की हात थांबतो. पण हा आकडा दिलेले बिंदू मॉडेलमध्ये किती चपखल बसले एवढंच सांगतो; जिथे बिंदूच दिले नाहीत तिथे काय होईल, हे त्याला ठाऊक नसतं. बोर्ड सारखा मधेच धरला आणि जेमतेम कलवला तर एरर सुरेख येते आणि मुखवट्याचं नाक मात्र भलत्याच जागी उजळतं. झँग यांच्या २००० सालच्या ज्या कॅमेरा कॅलिब्रेशनच्या पद्धतीवर हे सगळं उभं आहे, तिच्यातच स्पष्ट आहे की समांतर स्थितींमधून नवी माहिती मिळत नाही. बोर्ड चांगला कलवा, कोपऱ्याकोपऱ्यात न्या, जवळ-लांब करा. प्रोजेक्टरचा फोकस मर्यादित अंतरापुरताच टिकतो, त्यामुळे फार लांब नेला तर बारीक पट्ट्या विरघळतात. तेवढी तडजोड करावी लागते.

प्रोजेक्टरच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. टेबलावर ठेवून वर चित्र टाकता यावं म्हणून बहुतेक प्रोजेक्टरांची लेन्स मुद्दाम सरकवलेली असते. त्यामुळे मुख्य बिंदू चित्राच्या मध्यावर नसतो, कडेजवळ असतो, कधी चित्राबाहेरही. ओपनसीव्ही अंदाजाची सुरुवात मध्यापासून करतं. सुरुवातीचा अंदाज आपण दिला तर उत्तर लवकर स्थिरावतं आणि विकृतीचे गुणांक उगाच फुगत नाहीत.

खरी परीक्षा मी अशी घेतो: कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या स्थितीत बोर्ड ठेवायचा, कॅमेऱ्याने त्याची जागा ओळखायची आणि प्रत्येक कोपऱ्यावर प्रकाशाचा ठिपका टाकायचा. एक मीटर रुंदीच्या चित्रात १९२० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल साधारण अर्धा मिलिमीटर. दोन पिक्सेलची चूक सपाट जागी कुणाला दिसत नाही, पण ठोकळ्याच्या धारेवर एक मिलिमीटर प्रकाश सांडून मागच्या भिंतीवर पडतो आणि सगळा आभास तिथेच मोडतो.

हे सगळं प्रत्येकाला लागेल असं नाही. वस्तू आणि प्रोजेक्टर दोन्ही कायमचे एका जागी असतील तर कॅमेऱ्याचीही गरज नाही. रमेश रास्कर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेडर लॅम्प्स (पांढऱ्या वस्तूंना प्रोजेक्टरच्या प्रकाशाने रंगरूप देण्याचं तंत्र) दाखवले, तेव्हा वस्तूवरच्या माहीत असलेल्या बिंदूंवर प्रकाशाची फुली हाताने नेऊन बसवली होती. एकाच पातळीत नसलेले किमान ६ बिंदू मिळाले की प्रोजेक्शन मॅट्रिक्स, म्हणजे वस्तूवरचा कोणता बिंदू कोणत्या पिक्सेलवर येतो हे सांगणारा आकड्यांचा तक्ता, निघतं. एकदाच्या प्रदर्शनासाठी मी आजही तेच करीन. रोज वस्तू बदलत असेल, तिची जागा कॅमेऱ्याने ओळखायची असेल, तर मात्र ग्रे कोडचा खटाटोप वसूल होतो.

हलत्या वस्तूंसाठी मात्र ही जुळणी घेऊ नका. कॅलिब्रेशन कितीही नेमकं असलं तरी कॅमेरा, संगणक आणि प्रोजेक्टर मिळून जो उशीर होतो तो त्याने कमी होत नाही. हाताने ठोकळा सरकवला की चित्र मागून येतं.