गॅफर टेप: पडद्यामागची काळी पट्टी

सकाळी वर्गात इंग्रजी कविता शिकवतो, संध्याकाळी मुलांच्या तालमीत जमिनीवर रांगत खुणा चिकटवतो. इतकी वर्षं पॅकिंगची चिकटपट्टी वापरली. निघताना ती रंगमंचाचा रंगही उचलायची. यंदा गॅफर टेप आणली. कापडी आहे, हातानं सरळ फाटते आणि चकाकी नसल्यानं दिव्यांखाली डोळ्यांत येत नाही. वायरी दाबल्या, खुर्च्यांच्या जागा आखल्या, ऐन वेळी बगलेत उसवलेला राजाचा अंगरखाही आतून तिनंच सावरला. (तरी राजेसाहेब स्वगतात हात उंचावायचे काही थांबेनात!)

प्रयोगानंतर बहुतेक तुकडे स्वच्छ निघाले. दिव्यांजवळ तापलेला एक मात्र खरवडावा लागला. काळोखात एंट्री असेल, तर अंधारात उजळणारी पट्टी वेगळी घ्याच. ही तिथं दिसतच नाही.