नुब्रा की स्पिती?

एक खोरं लडाखमधलं, दुसरं हिमाचलमधलं. दोन्हीकडे थंड वाळवंट, दोन्हीकडे गोंपा म्हणजे बौद्ध मठ, दोन्हीकडे हवा विरळ. मोसमी ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात, त्यामुळे जुलैतही तिथे बहुधा कोरडं ऊन. मी दोन्ही खोरी पाहिली आहेत. ‘जास्त सुंदर कुठलं’ यात पडत नाही, कारण त्यावर निर्णय होत नाही.

नुब्राचं पारडं हलकं अजिबात नाही. दिस्कितच्या गोंपाखाली 32 मीटर उंच मैत्रेय बुद्ध श्योक नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलाय. हुंदरच्या वाळूत दिसणारे दोन मदारींचे उंट म्हणजे मध्य आशियातल्या यारकंदशी चालणाऱ्या व्यापाराची उरलीसुरली खूण. काफिले थांबले, उंट राहिले. पण मला विचाराल तर नुब्राचा खरा दागिना तुर्तुक. 1971च्या युद्धापर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. बाल्टी भाषा, जर्दाळूच्या बागा, दगडी घरांमधून खळखळणारे पाट. याला स्पितीकडे उत्तर नाही.

मग अडतं कुठे? खारदुंग ला! लेहहून नुब्राला जाणारी बहुतेक सगळी गर्दी याच खिंडीतून जाते, आणि पँगाँग तलावाकडे निघाला नाहीत तर परतीलाही तीच. उंची 5,359 मीटर, म्हणजे जिथे माणसाने थांबू नये अशी जागा. आणि थांबतात तिथेच सगळे! पाटीजवळ फोटोची रांग, वाटेल तशा लावलेल्या गाड्या, त्यात समोरून लष्कराचा ताफा. विमानाने थेट लेहला उतरलेल्या माणसाचं डोकं आधीच ठणकत असतं. आमची गाडी तिथे अडकली तेव्हा शेजारच्या सीटवरचं माणूस गप्प होत गेलं, आणि दिस्कितला पोहोचल्यावर जेवणाकडे कुणी बघेना. कदाचित आमचं नशीब वाईट असेल. पण पुढचा सगळा वेळ मला नदीपेक्षा परतीच्या खिंडीचीच काळजी होती.

स्पितीला शिमल्याकडून गेलं की उंची हळूहळू अंगवळणी पडते: कल्पा, नाको, मग ताबो. रस्ता कंबर मोडतो, हे खरं. किन्नौरच्या पट्ट्यात पावसाळ्यात दरडी येतात, म्हणून मी सप्टेंबरच सुचवेन. पण ताबोला पोहोचल्यावर झोप लागते, भूक लागते, आणि बघायला डोकं ताळ्यावर असतं.

ते असावंच लागतं. ताबोचा मठ इ.स. 996चा, बाहेरून नुसता मातीचा गोळा. आत अंधारात चतुर्मुख वैरोचन बुद्ध, भिंतींवर मातीच्या मूर्ती आणि चित्रं. त्याला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला भिंतीवरची चित्रं ओळखीची वाटतात आणि पुढे एक फरकही जाणवतो: इथे भिक्खू अजून राहतात. टॉर्च न्या, फोटो काढू देत नाहीत. वर लांग्झा गावात प्राचीन टेथिस समुद्रातल्या शंखांचे जीवाश्म सापडतात. मुलं विकायला आणतात, घेऊ नका.

हाताशी सहाच दिवस असतील किंवा सोबत तुर्तुकचं वेड असलेलं कुणी असेल, तर नुब्रा. फक्त लेहला दोन रात्री काढून मगच खिंड चढा आणि वर पाटीपाशी उतरू नका. दहा-बारा दिवस जमत असतील तर माझं मत तुम्हाला कळलंच असेल. मनालीकडे उतरणारी कुंझुम खिंडीची बाजू परतीला ठेवा. मनालीकडून उलटं शिरलात तर उंची एकदम अंगावर येते आणि माझा सगळा युक्तिवादच फुकट जातो.