ओम्नी की मेकॅनम, हवा की मोटर: रोबोकॉनचा बॉट ठरवण्याआधी

रोबोकॉनचं (कॉलेजच्या टीमची रोबो स्पर्धा, दरवर्षी नवा खेळ म्हणजे नवी थीम) रुलबुक आलं की आठवड्याभरात ज्युनियर पोरांचा मेसेज ठरलेला, दादा मेकॅनम घेऊ की ओम्नी (दोन्ही कडेला रोलर असलेली, आडवंही जाऊ देणारी चाकं, मेकॅनमचे रोलर तिरके), आणि हल्ली त्यात तिसरं शेपूट लागलंय, स्वर्व्ह (प्रत्येक चाक मोटरने वेगळं वळवायचं) जमेल का. मी २०१८ ची व्हिएतनामवाली थीम केली (रिंगमधून शटलकॉक फेकायचे) आणि २०१९ ची मंगोलियावाली (चार पायांचा बॉट), त्यानंतरही टीमच्या वर्कशॉपमध्ये येणंजाणं आहेच, त्यामुळे मतं भरपूर आहेत. पण मत द्यायच्या आधी मी उलटा एक प्रश्न विचारतो: ड्रायव्हरच्या हातात चालता बॉट कोणत्या तारखेला देणार? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. खाली जे काही लिहितोय ते त्या तारखेकडे एक डोळा ठेवून वाचा, कारण कागदावर भारी असलेलं डिझाइन आणि स्पर्धेच्या तीन आठवडे आधी चालणारं डिझाइन हे बऱ्याचदा दोन वेगळे बॉट असतात.

आधी बेस, म्हणजे चाकांसकट खालचा भाग.

चार ओम्नी व्हील कोपऱ्यांवर ४५ अंशात लावली की एक्स बेस होतो, आपल्याकडे बहुतेक टीम हाच करतात आणि त्याला कारणं आहेत. सरळ जाताना बॉटचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या जवळपास १.४ पट मिळतो, म्हणजे तीच मोटर, तेच चाक, आणि बॉट जास्त पळतो. फुकट काही नसतं, ढकलायची ताकद त्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे चारही चाकं सरळ लावली असती तर मिळाली असती त्याच्या साधारण ७० टक्के. आता रोबोकॉनमध्ये सहसा समोरच्याला ढकलायचं नसतं, आपापलं काम पटकन करायचं असतं, त्यामुळे हा सौदा बरा पडतो. आडवं, सरळ, दोन्हीकडे वागणूक सारखी, त्यामुळे कोड लिहिणारा पण खूश.

मेकॅनमचा फायदा म्हणजे चाकं गाडीसारखी सरळ बसतात, आयताकृती फ्रेमला तिरके माउंट लागत नाहीत, मधली जागा मेकॅनिझमला (फेकायची-पकडायची यंत्रणा) मोकळी राहते. तोटा आडवं जाताना कळतो. गणितात आडवा वेग सरळ वेगाएवढाच यायला हवा पण रोलर घासतात, थरथरतात, आणि वजन एका बाजूला झुकलेलं असेल तर बॉट आडवा जाता जाता हळूच फिरतो. वर दोन मीटर उंच काही उभं केलं असेल तर ती थरथर वरपर्यंत पोचते आणि नेम बिघडतो. आणि हो, चाकं डावी उजवी अशी दोन प्रकारची येतात, वरून बघितलं की रोलरचा एक्स दिसला पाहिजे, हे सांगायची गरज नसावी पण दरवर्षी कोणीतरी उलटी लावतंच.

तीन ओम्नींचा बेस लोक कमी लेखतात. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, तसं तिन्ही चाकं कायम जमिनीला टेकलेली. एक मोटर, एक मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) वाचतो. पण त्रिकोणाच्या कडेवर वजन गेलं की बॉट कलंडतो, म्हणून उंच किंवा एका बाजूला हात लांब करणाऱ्या बॉटला नको, छोट्या, बुटक्या बॉटला मस्त.

चार चाकांचा खरा त्रास हाच की चारही एकदम जमिनीला टेकतीलच असं नाही, आणि तो आम्ही भोगलाय. आमचा बॉट सरळ सोडला की दोन मीटरवर हमखास उजवीकडे जायचा, आम्ही चार दिवस पीआयडीचे (चूक मोजून वेग सुधारणारा कोड) आकडे बदलत बसलो, एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) बदलला, वायर बदलल्या, मग एक जुना सिनियर आला, त्याने वहीचा कागद फाडून एकेका चाकाखाली सरकवला आणि तिसऱ्या चाकाखालून कागद अलगद बाहेर ओढून दाखवला. वेल्डिंग करताना फ्रेमच पिळली होती, चाक हवेत होतं. तेव्हापासून आधी कागद, मग कोड. चार चाकं घेणार असाल तर एका जोडीला थोडं सस्पेन्शन द्या, नाहीतर बेस सपाट प्लेटवर क्लॅम्प करूनच जोडा.

स्वर्व्हचं आकर्षण मला कळतं, साधं रबरी चाक, पूर्ण पकड, कुठल्याही दिशेला पूर्ण ताकद. पण चार मॉड्यूल म्हणजे आठ मोटर, आठ मोटर ड्रायव्हर, प्रत्येक मॉड्यूलला चाकाचा कोन सांगणारा सेन्सर, आणि बॉट चालू केल्यावर चारही चाकांचं तोंड एका दिशेला आणायची सोय. रुलबुकात वजनाची मर्यादा असते त्यात हे सगळं बसवायचं. माझं स्पष्ट मत: मागच्या वर्षी कोणतीही थीम नसताना, सुट्टीत, स्वर्व्ह बेस बनवून चालवला असेल तरच यंदा घ्या. थीम आल्यावर स्वर्व्ह शिकायला बसलेल्या टीमचा बेस फार सुंदर होतो आणि त्यावर बसवायचं मेकॅनिझम मात्र शेवटच्या दिवसात पुठ्ठ्याचं.

आता फेकायचं कसं. बऱ्याच थीममध्ये काहीतरी फेकायचं असतंच, म्हणून इथे जरा थांबतो.

न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारा सिलिंडर, ही स्वस्तातली ताकद. २५ एमएम बोअरचा (आतला व्यास) सिलिंडर ६ बारला जवळपास ३० किलोचा धक्का देतो, तेवढा झटका द्यायला मोटर आणि गिअरबॉक्स किती मोठा लागेल विचार करा. व्हॉल्व्हला एक सिग्नल दिला की काम झालं, कोडमध्ये एक ओळ. पण हवा संपते. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत ६ बार हवा भरली आणि सिलिंडरचा स्ट्रोक (दांडा किती बाहेर येतो) १०० एमएम धरला तर तेरा-चौदा स्ट्रोकमध्ये प्रेशर ६ वरून ४ वर येतं, आणि डबल ॲक्टिंग सिलिंडर परत येतानाही हवा खातो हे लोक हिशोबात धरतच नाहीत. फेक ढोबळमानाने प्रेशरच्या प्रमाणात जवळ-लांब पडते, म्हणजे ६ चं साडेपाच झालं तर चार मीटरची फेक फूटभर आधीच पडणार. २०१८ ला रिंग ठरलेल्या, अंतरं ठरलेली, फेका मोजक्या, तिथे न्यूमॅटिक हात आणि मध्ये एक चांगला रेग्युलेटर (पुढचं प्रेशर ठरलेल्या आकड्यावर धरणारा व्हॉल्व्ह) हे उत्तम उत्तर होतं: बाटलीत ६, रेग्युलेटरवर ४, म्हणजे बाटली उतरली तरी फेक तीच. रेग्युलेटरवर पैसे वाचवू नका, स्वस्तातला रेग्युलेटर दर फेकेला वेगळं वागतो आणि मग कोडवाल्याला शिव्या बसतात. बाटलीला ओरखडा दिसला की फेकून द्या, आणि टेप गुंडाळूनच वापरा, फुटते तेव्हा चेष्टा नसते.

फ्लायव्हील, म्हणजे दोन फिरत्या चाकांमधून चेंडू सोडायचा, हे वेगळ्या प्रकारचं काम आहे. २०२२ ची थीम आपली लगोरी होती, दिल्लीत झाली, त्यात एक बॉट चेंडू मारून लगोरी फोडणार आणि दुसरा ती परत रचणार. एकामागोमाग एक चेंडू मारायचे तर सिलिंडर भरत कोण बसणार, तिथे फ्लायव्हीलच. अंतर बदलायचं तर वेग बदला, बस. पण सहा सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट असते, वापरता वापरता २२ पर्यंत येते, मोटरचा वेग तेवढाच उतरतो, आणि फेक वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे १२-१३ टक्के वेग गेला तर अंतर जवळपास पाव हिश्श्याने कमी झालं. एन्कोडर लावून वेग धरून ठेवल्याशिवाय फ्लायव्हील म्हणजे सकाळी नेम आणि संध्याकाळी नशीब. शिवाय प्रत्येक चेंडूनंतर चाक मंदावतं, ते परत वेगात येईपर्यंत पुढचा सोडायचा नाही, ही घाई ड्रायव्हरच्या अंगातून काढायला आठवडा लागतो.

स्प्रिंग किंवा रबर ट्यूबचा तिसरा पर्याय आहे. स्प्रिंगची फेक बॅटरीवर नाही, हवेवर नाही, त्यामुळे दिवसभर सारखी. ओढून लॉक करायला मात्र मोटर, विंच (दोर गुंडाळणारं रीळ), ट्रिगर लागतो आणि वेळ जातो. रबर ट्यूब स्वस्त, पण ती सैल पडत जाते, सरावात जुळवलेला नेम नव्या ट्यूबला लागू होत नाही. फेका कमी आणि अंतर एकच असेल तर मी आजही स्प्रिंग घेईन.

पकडायला (ग्रिपर) जास्त डोकं लावू नका. उघड-मीट एवढंच असेल तर छोटा सिलिंडर, मधल्या जागी थांबायचं असेल तर सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर थांबणारी मोटर) किंवा साधी मोटर.

फ्रेमबद्दल. २० बाय २० चा दीड एमएम जाडीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप मीटरला साधारण ३०० ग्रॅम, तोच लोखंडाचा ८७० च्या आसपास. दहा मीटर पाइप लागला तर पावणेसहा किलोचा फरक, म्हणजे एक अख्खं मेकॅनिझम. पण लोखंड कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला दहा मिनिटांत जोडून देतो, ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं किंवा प्लेट लावून रिव्हेट मारा. मी सांगेन पहिला सरावाचा बॉट बिनधास्त लोखंडाचा करा, मोजमापं पक्की झाली की ॲल्युमिनियम. थ्री डी प्रिंट सेन्सरच्या कव्हरला, गाइडला छान, मोटरच्या माउंटला पीएलए (प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) नको, ६० अंशाच्या आसपास ते मऊ पडायला लागतं आणि तापलेली मोटर किंवा उन्हात उभा टेम्पो तिथे सहज पोचवतो. लेझर कटिंगला भोसरीत फाइल दिली तर भाग दोन दिवसात मिळेलही, पण भोकाचं माप चुकलं की परत दोन दिवस, म्हणून आधी एमडीएफमध्ये (भुशाच्या दाबलेल्या फळीत) कापून जोडून बघा.

कंट्रोलरवर (बॉटचा कोड चालवणारा बोर्ड) वाद घालू नका, जे तुमच्यातल्या दोघांना तरी येतं ते घ्या. दोघांना, कारण एकाची ऐन वेळी परीक्षा असते.

ऑटो, म्हणजे ड्रायव्हरशिवाय आपोआप, किती करायचं हा मात्र वादाचा विषय. चाकाच्याच एन्कोडरवर जागा मोजली तर ओम्नी घसरते आणि हिशोब चुकतो, म्हणून मोटर नसलेली दोन छोटी मोजणीची चाकं स्प्रिंगने जमिनीवर दाबून लावतात, त्याने फरक पडतो. पण थीममध्ये मॅन्युअल चालत असेल तर आधी पूर्ण खेळ मॅन्युअलने करून दाखवा, मग जिथे ड्रायव्हर सारखा चुकतो तेवढंच ऑटो करा. आमच्याकडे उलटं झालं होतं, ऑटो होणारच म्हणून ड्रायव्हरला बॉट दिलाच नाही, ऑटो झालं नाही आणि ड्रायव्हरला बटणं पाठ नव्हती.

२०१९ ला चाकं नसलेला चार पायांचा बॉट करायचा होता तेव्हाही हेच दोन रस्ते. एक, लिंकेजवाले (सांध्यांनी जोडलेल्या पट्ट्यांचे) पाय, दोन-तीन मोटर, कोड सोपा, पण एकदा कापलं की पावलाची उंची कायमची ठरली. दुसरा, प्रत्येक पायाला दोन मोटर, पाऊल हवं तसं, अडथळ्याला उंच टाकता येतं, पण आठ मोटर एका तालात आणायच्या. आम्ही लिंकेज घेतलं, सपाटीवर तुरुतुरु चालला, दोरीच्या अडथळ्याला पाय अडकला, उंची वाढवायला चारही पाय नव्याने कापावे लागले. तरी परत तेच घेतलं असतं, कारण आठ मोटरवाला आमच्याकडून उभाही राहिला नसता.

शेवटची गोष्ट जी डिझाइन करताना कोणाच्या लक्षात नसते. स्पर्धा बरीच वर्षं बालेवाडीत व्हायची तेव्हा पुण्यातल्या टीम बॉट उचलून टेम्पोत टाकायच्या. दिल्लीला न्यायचा तर झेलम एक्सप्रेसच्या डब्याच्या दारातून आत गेला पाहिजे. बेस आणि वरचा भाग चार बोल्टवर सुटा होईल, मधल्या वायरींना कनेक्टर असतील, प्रत्येक कनेक्टरवर नंबर असेल, हे पहिल्या दिवशी ठरवा. वेल्ड केलेली एकसंध फ्रेम जास्त कडक असते हे खरं, सुटी होणारी थोडी हलते आणि दीडेक किलो वजन वाढवते. मी ते दीड किलो देईन. आमच्या शेजारच्या पिटमधल्या (स्पर्धेत टीमला मिळणारी कामाची जागा) पोरांनी स्टेशनवर हॅकसॉने फ्रेम कापली होती, आणि दिल्लीत रात्री अकरा वाजता वेल्डिंगवाला शोधत फिरत होती.