कॅलिस्टोगा की सेंट हेलेना?

कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅली या वाइनच्या खोऱ्यासाठी एकच दिवस असेल, तर उत्तरेकडच्या या दोन गावांतून एक निवडावं लागतं. हायवे २९ वरून दोन्हींत जेमतेम १५-२० मिनिटांचं अंतर, पण स्वभाव अगदी वेगळे.

सेंट हेलेना जुन्या वायनरींचं गाव. चार्ल्स क्रुग १८६१ ची, बेरिंजर १८७६ ची. चिनी मजुरांनी डोंगरात हातांनी खोदलेले बेरिंजरचे बोगदे आवर्जून बघावेत. दारूबंदीच्या काळात (१९२०-३३) ही वायनरी तगली ती चर्चच्या विधींना लागणाऱ्या वाइनवर! बाकी मेन स्ट्रीटवर देखणी, महागडी दुकानं. वाइन न पिणाऱ्याला मात्र दुपारनंतर इथं करायला फारसं काही उरत नाही, आणि २१ वर्षांखालच्यांना तर टेस्टिंग बंदच.

कॅलिस्टोगात जमिनीखालीच गंमत आहे. ज्वालामुखीची राख, पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि गरम खनिज पाणी कालवून केलेल्या चिखलात गळ्यापर्यंत पडून राहायचं. चिखल इतका दाट की सुरुवातीला अंग वरच तरंगतं. मग हळूहळू आत रुततं. दहा-बारा मिनिटं पुरे. मुलांसाठी ठरावीक वेळानं उसळणारा गरम पाण्याचा फवारा आहे, राखेखाली गाडले जाऊन दगड झालेले रेडवूड वृक्ष आहेत. पायांत दम असेल तर माउंट सेंट हेलेना आहेच, १,३२३ मीटर. (नाव सेंट हेलेना, वाट मात्र कॅलिस्टोगाहून जवळ!)

मुलं सोबत असतील तर मी डोळे झाकून कॅलिस्टोगा म्हणेन. वाइनसाठीच आला असाल तर सेंट हेलेना, पण गाडी दुसऱ्याला चालवू द्या.