माबोन की साउइन?

विक्का आणि इतर आधुनिक पेगन पंथांच्या, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातल्या निसर्गपूजेतून प्रेरणा घेणाऱ्या पंथांच्या, वर्षचक्रात आठ सण येतात. त्यातले शरदातले दोन म्हणजे माबोन आणि साउइन. एकालाच नीट वेळ देता येणार असेल, तर कोणता धरावा?

माबोन २२-२३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असताना. सुगीचा, कृतज्ञतेचा सण. सफरचंदं, ताजा पाव, सायडर आणि चार माणसं बोलावून जेवण. सफरचंद आडवं कापलं की मधोमध पाच टोकांची चांदणी दिसते. ती मुलांना दाखवायचीच. नाव मात्र १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एडन केली यांनी वेल्श कथांमधून उचललं. म्हणून सण खोटा ठरत नाही, पण हे माहीत असावं.

साउइनची मुळं खोल. मध्ययुगीन आयरिश साहित्यात तो सापडतो: ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ ते १ नोव्हेंबर, हिवाळ्याची सुरुवात, कुरणांवरची गुरं परत आणायचे दिवस. आज अनेक पेगन घरांत या रात्री मूक भोजन होतं. गेलेल्या माणसासाठी ताट वाढायचं, शेजारी मेणबत्ती लावायची आणि जेवण संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या घरातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

गोतावळा जमवायचा असेल तर माबोन सोपा. पण घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल, तर मी साउइनच सांगेन. ऑस्ट्रेलियात राहत असाल तर ऋतू उलटे, त्यामुळे माबोन मार्चमध्ये आणि साउइन मेच्या तोंडावर.